उन्हाळ्यात ट्रॅकला कुलूप नको, किल्ली पहाटे साडेचारला हवी

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सोलापूर जिल्ह्यातल्या धावण्याच्या ट्रॅकच्या उन्हाळी वेळा आणि सोयी

महोदय,

सोलापूरच्या एप्रिल-मेबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४३-४४ पर्यंत जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गुडूप होते. पण पेपरात छापून येणारा आकडा वेधशाळेचा असतो, म्हणजे जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीच्या सावलीत मोजलेला. ट्रॅकवर पळणारं पोरगं त्या पेटीत नसतं.

सिंथेटिक ट्रॅकवर हवा ४० अंश असेल तर दुपारी रबराचा पृष्ठभाग साठीच्या पुढे जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत या रबरानं धक्का किती शोषावा याची मर्यादा ३५ ते ५० टक्के आहे आणि ती पाळली जावी असं पृष्ठभागाचं तापमान दिलंय १० ते ४० अंश. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात दिवसातले कितीतरी तास ट्रॅक ज्या तापमानात असतो, त्या तापमानासाठी तो तपासलेलाच नसतो. तापलेलं रबर मऊ पडतं, बुटाचा फोमही मऊ होतो, बुटाच्या तळाचा डिंक सुटतो. मंगळवेढा-सांगोल्याकडून येणारी काही मुलं अजून अनवाणी पळतात. त्यांच्या पायांना फोड येतात ते घासून नव्हे, भाजून.

यावर कोणी पाणी मारायचं सुचवतं. ८ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक म्हणजे साधारण ४,२०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी मारायचं तरी ४,२०० लिटर लागतात आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ते अर्ध्या तासात उडून जातं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं दुपारी रबर गार करायला टँकर मागवणं आम्हालाच पटत नाही.

मुरमाच्या ट्रॅकचं गणित वेगळं आहे आणि तिथं पाणी हवंच. पण ते सूर्य मावळल्यावर मारावं, तीन-चार मिलिमीटर, म्हणजे १२ ते १६ हजार लिटर. ते रात्रभर मुरू द्यावं, पहाटे हलका रोलर फिरवावा आणि मग लेनच्या रेघांची फक्की मारावी. पहाटे पाणी मारलं तर फक्त वरचा पापुद्रा भिजतो, तो बुटाच्या स्पाइकला (खिळ्यांना) चिकटून निघतो आणि वळणावर पाय सरकतो. प्यायचं पाणी कशाला, प्रक्रिया केलेलं सांडपाणी यासाठी पुरेसं आहे. पाणी अजिबात मारलं नाही तर मुरुम सुटा होतो, धूळ उठते आणि खालच्या काळ्या मातीच्या भेगा वर येतात. घोटा मुरगळतो तो बहुधा अशाच भेगेत.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. मेच्या मध्यावर सोलापुरात सूर्य सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो. दिवसातली सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते. लांब पल्ल्याच्या सरावाला वॉर्मअप धरून दीड तास लागतो, त्यामुळे पाचला सुरुवात झाली तर साडेसहाला मुलं सावलीत बसलेली असतात. गेट सहाला उघडलं तर मुलं साडेसात-पावणेआठपर्यंत उन्हात आणि सातला उघडलं तर विचारूच नका. ज्या ज्या मैदानाचं गेट उशिरा उघडतं, तिथली मुलं घरी झोपून राहत नाहीत. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे साडेचारला पुणे, विजयपूर, हैदराबाद नाहीतर अक्कलकोट रस्त्याच्या कडेनं अंधारात पळतात, शेजारून उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक जातात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, म्हणून हा सराव टळत नाही. ट्रॅक बंद ठेवल्यानं धोका कमी होत नाही, मैदानातून उठून हायवेवर जातो.

म्हणून मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत गेट पहाटे साडेचारला उघडावं आणि दिव्यांची सोय असावी. सामन्याचे फ्लडलाइट नकोत. समोरची लेन आणि शेजारचा धावपटू दिसेल इतका उजेड पुरतो. संध्याकाळी मात्र घाई करू नये. सहा वाजता हवा अजून ३८-३९ असू शकते. ट्रॅक नियमाप्रमाणे उत्तर-दक्षिण असेल आणि गॅलरी पश्चिमेला असेल तर साडेपाचनंतर समोरची सरळ पट्टी सावलीत येते. तिथं १०० मीटरचे वेगाचे राऊंड, स्टार्ट, अडथळ्यांचा सराव चालतो. उष्णतेनं छोट्या स्प्रिंटचं फारसं बिघडत नाही, उलट स्नायू मोकळे असतात. बिघडतं ते ८०० पासून पुढच्या सगळ्यांचं, आणि त्यांनाच बहुतेक वेळा संध्याकाळी पाचची वेळ मिळते.

कोणत्या दिवशी पळायचं आणि कोणत्या दिवशी नाही, हे घड्याळ बघून ठरवणंही अपुरंच. त्यासाठी डब्ल्यूबीजीटी नावाचं मोजमाप आहे. ओल्या कापडाच्या थर्मामीटरचे ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे २० टक्के आणि साध्या थर्मामीटरचे १० टक्के धरून एक आकडा येतो. उन्हाचा मारा आणि घाम वाळण्याची सोय दोन्ही त्यात मोजली जातात. समजा सकाळी साडेआठला हवा ३२, ओलं कापड २२.५ आणि काळा गोळा ४५ दाखवतोय. हिशेब होतो २८ च्या जवळ. लांब पल्ल्याची शर्यत रद्द करावी असा प्रचलित निकष २८ चा आहे. म्हणजे हवामानाच्या बातमीत 'सुखद सकाळ' असते आणि ट्रॅकवर १० हजार मीटर घेणं धोक्याचं असतं. दुपारी हवा ४२, ओलं कापड २५, गोळा ५८ धरला तर आकडा ३३ च्या वर जातो. तिथं सरावही बंद. हे हातात मावणारं यंत्र आहे, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलाला प्रत्येकी एक द्यावं. निवड चाचणी, शालेय स्पर्धा किंवा भरतीची धाव असेल तेव्हा आकडा दर अर्ध्या तासानं फळ्यावर लिहावा आणि २८ झाला की शिट्टी वाजवणाऱ्याला धाव थांबवण्याचा लेखी अधिकार असावा. नुसता अधिकार नको, लेखी हवा. कारण समोर पाहुणे बसलेले असतात आणि बक्षीस समारंभाची वेळ ठरलेली असते.

रात्र म्हणजे गारवा, असंही समजू नये. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू झाली, तरी ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यावर सोडली. ती शर्यत बाहेर रस्त्यावर होती, स्टेडियम मात्र वातानुकूलित होतं. आमची मागणी तेवढी नाही.

उन्हाळी शिबिरांबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. पहिल्या दिवसापासून पूर्ण सराव देऊ नये. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहिले तीन दिवस २० ते ३० मिनिटं हलकं पळणं, मग रोज थोडं वाढवणं. ४०० मीटरच्या दहा राऊंडचा सराव असेल तर सहाच घ्यावेत आणि मधली विश्रांती दुप्पट करावी. सात दिवसांचं शिबिर भरवून सातव्या दिवशी स्पर्धा घेणं म्हणजे भाकरी थापून तव्यावर न टाकताच वाढणं.

पाण्याचं सांगायचं तर सरावाआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर गेलं. ५० किलोच्या मुलाचं एक किलो म्हणजे दोन टक्के, तिथूनच पळण्यावर परिणाम होतो. साधा वजनकाटा पुरतो. ओआरएसचं पाकीट अर्धं करून पेल्यात टाकायची जी सवय आहे ती मोडायला हवी. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. नुसतं पाणी पोटभर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

आणि शेवटी बर्फाच्या पाण्याचा टब, तो ट्रॅकवर हवाच. पळता पळता कोणी अडखळलं, असंबद्ध बोलू लागलं किंवा कोसळलं, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरी. कपाळावर धरायचं थर्मामीटर इथं फसवतं आणि तापाच्या गोळीचा काही उपयोग नाही. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट बघत बसू नये. आधी गार करणं, मग हलवणं. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं धरून ठेवायचं, पाणी ढवळत राहायचं. पहिल्या अर्ध्या तासात हे झालं तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. २०० लिटर पाणी ३० अंशांवरून १२ वर आणायला सुमारे ४० किलो बर्फ लागतो, म्हणून स्पर्धेच्या दिवशी लाद्या पहाटेच आणून भुशात ठेवाव्यात. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले डझनभर टर्किश टॉवेल डोकं, मान, काखा, जांघा आणि पायांवर टाकून दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत. टॉवेल तरी सोलापुरात बाहेरून मागवायला नकोत. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतणारे हात मात्र आवरावे लागतात, ते दर वेळी असतात.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं गेली. ती बसलेली होती, पळत नव्हती.

वर लिहिलेल्यातलं दिव्यांचं काम तेवढं खर्चाचं. टब, यंत्र, वजनकाटा आणि टॉवेल एका छोट्या खरेदीत बसतात आणि गेटच्या वेळेला तर फक्त सही लागते. नवीन ट्रॅक मंजूर करताना आणखी दोन गोष्टी निविदेत लिहून घ्याव्यात. खालची काळी माती पूर्ण काढून मुरुम भरणं, आणि डांबराचा थर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय रबर न टाकणं. आत अडकलेला ओलावा मेमध्ये वाफ होऊन रबराला फुगे आणतो आणि मग ठेकेदार उन्हाला दोष देतो.

आपल्याकडे मार्चमध्येच ऊन तापायला लागतं. गेटच्या वेळेचा आदेश फेब्रुवारी संपण्याआधी निघावा, ही विनंती.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातले धावण्याचे प्रशिक्षक आणि धावपटू