मोरीवरच्या मावशींना, उशिरा का होईना

मावशी,

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चल, कामाला लाग" म्हणून उडवून लावता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत आपलं शटर पडलं. हॉटेल बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. कितीतरी पोरांचं दोन वेळचं जेवण आणि रात्रीची पथारीही त्याच छपराखाली होती.

पुढे पार्सलपुरतं शटर अर्धं उघडलं. गिऱ्हाईक आत बसणार नाही, मग वेटर कशाला? ताटं निघणार नाहीत, मग मोरी कशाला? भट्टी मात्र हवीच, म्हणून मी टिकलो. टिपेवर घर चालवणारे वेटर गेले. तुम्हाला निम्म्या पगारावर डबे भरायला उभं केलं.

मग मी आजारी पडलो. ताप गेला, पण वास काही परत येईना. खारट-आंबट जीभ सांगते हो, पण फोडणी करपतेय हे नाकच सांगतं. मालकांना कळलं असतं तर मीही बाहेर. तुम्ही कसं ओळखलंत कोण जाणे! काही न विचारता डब्यांचं टेबल भट्टीजवळ ओढलंत. मास्क क्षणभर नाकाखाली घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि पुटपुटायच्या, "गॅस कमी कर." चार महिने हे चाललं.

नंतर वाचलं. कॅलिफोर्नियात मार्च ते ऑक्टोबर 2020 मधल्या कामकरी वयाच्या माणसांचे मृत्यू धंद्यानुसार तपासले, तेव्हा आचाऱ्यांचे मृत्यू नेहमीपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी वाढलेले निघाले. अरुंद जागा, खेटून उभं राहणं, कोंदट हवा. आपलं स्वयंपाकघर याहून वेगळं कुठे होतं? आणि तिथे तुम्ही माझ्यासाठी दिवसातून पन्नास वेळा मास्क खाली करत होतात.

त्या पार्सलांची तारीफ मालकांनी माझ्यापाशी केली. मी ऐकून घेतली. तुमचा पगार निम्माच राहिला, तेव्हाही गप्प बसलो. ते अजून टोचतं. आज मालकही हे वाचतील, वाचू देत.

आत बसून जेवणं पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यात माझ्या नाकाला पहिला वास आला, तो तुमच्या मोरीतल्या साबणाचा.

तुमचा,
भट्टीवरचा पोरगा