विज्ञानकथेला बालविभागातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मागे एका वाचकाचे पत्र आले होते. डॉ. जयंत नारळीकर गेले आणि त्यांच्याबरोबर मराठी विज्ञानकथाही गेली, आता ती वाचतो कोण, असा त्याचा सूर होता. २० मे २०२५ नंतर असे वाटणे साहजिक होते, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता मात्र लिहितो, कारण वाचणारे आहेत. आपल्या सोलापुरातच आहेत आणि बऱ्यापैकी भांडखोर आहेत.

रविवारी सकाळी पार्क चौकाजवळ चहाला जमणारी आमची काही मंडळी आहेत. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक औषध दुकानदार, इंजिनिअरिंगला असलेली त्यांची मुलगी आणि पूर्व भागातले एक काका. काकांचे उभे आयुष्य यंत्रमागावर गेले. घरात तेलुगू बोलतात, वाचतात मराठी. राजकारण आणि पाणीपुरवठा हे दोन विषय संपले (पाण्याचा विषय आपल्याकडे संपत नाही, थांबतो एवढेच) की कोणी तरी नारळीकरांच्या कथेचे नाव काढतो आणि मग दुसरा चहा सांगावा लागतो.

१४ जानेवारी जवळ आली की हमखास पानिपत निघते. इकडे गड्डा यात्रेची धांदल, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि आमचे डोके ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये. ज्यांनी ती कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. फरक एवढाच की विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. आमचे बँकवाले गृहस्थ दरवर्षी एकच शंका काढतात, की त्या जगात पेशवाई मागे पडून लोकशाही इतक्या सहज आली असती काय? दरवर्षी कोणी तरी त्यांना खोडून काढतो आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा तीच काढतात. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कथेवर माणसे अजून हातवारे करून वाद घालतात, याला वाचकप्रेम म्हणायचे नाही तर काय?

एकदा ‘उजव्या सोंडेचा गणपती’वरून गोंधळ झाला. क्रिकेटचा सामना, गणपतीची मूर्ती आणि मोबियसची पट्टी या तीन गोष्टी एका कथेत बांधणे हे नारळीकरांनाच सुचावे. दुकानदारांच्या मुलीला पट्टीचे गणित पाठ होते, पण ती कागदावर आकृती काढून समजावत होती आणि आमच्या डोक्यात काही शिरत नव्हते. तेव्हा काका म्हणाले, “कुठं बघूलालाव सर, इकडं बघा.” त्यांनी पिशवीतून कापडाच्या काठाची एक चिंधी काढली, लांब, बोटभर रुंद. एक टोक धरून ठेवले, दुसऱ्याला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोके टाचणीने जोडली. मग मुलीचे पेन घेऊन मधोमध रेघ ओढत गेले. पेन एकदाही उचलले नाही, तरी रेघ दोन्ही अंगांवरून फिरून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. म्हणजे अंग दोन नव्हतीच, एकच होते. नंतर औषधाच्या दुकानातली कात्री आणून त्या रेघेवरून कापले. दोन कडी पडतील असे आम्हाला वाटले होते, हातात आले एकच, दुप्पट लांबीचे. काकांना याचे फारसे नवल नव्हते. यंत्राच्या पट्ट्याला असा पीळ दिला की तो दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो, जास्त दिवस चालतो, हे त्यांना कथा वाचण्याआधीच ठाऊक होते. त्यांना कौतुक होते ते त्या पट्टीवरून गणपतीची सोंड फिरवणाऱ्या लेखकाचे.

हे सगळे अशासाठी सांगतो, की ही माणसे नॉस्टॅल्जियाने वाचत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डायमॉर्फस नावाच्या लहानग्या लघुग्रहावर यान आदळवले आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी करून दाखवला. ती बातमी आली त्या आठवड्यात ‘धूमकेतू’ पुन्हा हातोहात फिरली. त्यात पृथ्वीवर येऊ घातलेला धूमकेतू अणुशक्तीने वळवायचा बेत आहे, आणि तो शोधून काढणाऱ्या माणसाच्या घरात मात्र शांतीसाठी यज्ञ चालला आहे. यानाची बातमी जुनी झाली, यज्ञाची होत नाही. तीच गत ‘वामन परत न आला’ची. स्वतःसारखाच दुसरा घडवू पाहणारा यंत्रमानव ऐंशीच्या दशकात गंमत वाटला असेल, आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या वाचून ती मुलगी त्या कादंबरीबद्दल वेगळ्याच आवाजात बोलते.

आंधळी भक्ती आमच्यात नाही. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा विचार बोलून दाखवण्यापुरतीच येतात, बायकांना त्यांच्या कथांत फारसे काम नसते आणि मधेच लेखक खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो. हे आम्ही सारे मान्य करतो. तरीही वाचतो, कारण फळ्यावरचे खरे असते. कल्पनेला सुटण्यासाठी ते विज्ञानाचा एकच खिळा सैल करतात, बाकीचे घट्ट ठेवतात. नुसती उडती तबकडी आणि हिरवी माणसे आणून विज्ञानकथा लिहिल्याचा आव आणणाऱ्यांची ती जात नव्हे.

आणि या माणसाने नावाच्या जोरावर सुरुवात केली नाही. १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेला शास्त्रज्ञ, पण १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी वाचा, म्हणजे गुपित कळेल. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. विज्ञानकथेला मानाची खुर्ची मिळायला एवढा काळ लागला.

आता मूळ तक्रार. शहरातल्या एका वाचनालयात (नाव घेत नाही, कर्मचारी बिचारे भले आहेत) मी ‘यक्षांची देणगी’ मागितली. “नातवाला पाहिजे का?” म्हणून विचारले आणि मला बालविभागाकडे पाठवले. तिथे परीकथा आणि चित्रमय रामायणाच्या मध्ये ती उभी होती. मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या कपाटात विज्ञानकथेला जागाच नाही. एखादा चाळिशीचा वाचक बालविभागात जाऊन पुस्तक शोधेल का? मग वर्षअखेरीस ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो आणि नव्या खरेदीच्या यादीतून विज्ञानकथा वगळली जाते. वाचक नाहीत हा समज कपाटांच्या या रचनेतून तयार होतो, आणि त्या पत्रलेखकाचा झालेला गैरसमजही तिथलाच असावा.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ते याच गावचे. २००६ मध्ये इथल्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नारळीकरांनंतर महिन्याभरात, १८ जून २०२५ रोजी तेही गेले. त्यांच्या लेखनातही पक्षी आहेत, झाडे आहेत, शास्त्रीय माहिती ठासून भरलेली आहे. म्हणून कोणी त्यांना बालविभागात नेऊन ठेवले नाही. ललित म्हणून वाचले आणि वाचायला दिले. अरण्याला मिळाली ती वागणूक अंतराळाला का नको? सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे या विज्ञानकथाकारांचीही तीच रड आहे. नारळीकरांची पुस्तके निदान बालविभागात तरी सापडतात, यांची तिथेही नाहीत.

वाचनालयांनी कपाटे बदलावीत ही विनंती मी त्यांना लेखी देणारच आहे. आपल्याकडे दुसरी विनंती आहे. पुरवणीत महिन्यातून एकदा एक मराठी विज्ञानकथा छापावी. शक्यतो नवी, आणि लिहिणारा सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडचा मिळाला तर उत्तमच. केगावला विज्ञान केंद्र आहे, विद्यापीठ आहे, तिथल्या पोरापोरींना नुसते सांगून पाहा. दर्जाची चिंता नको, आमची मंडळी तपासायला बसलेलीच आहेत आणि सूट कोणालाच देत नाहीत.

जागा नाही, असे आपण म्हणाल. त्यावर एक सुचवतो. २००८ मध्ये नारळीकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा पत्रिका मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिष्याला ४० देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. ५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरे पाठवली २७ जणांनी, आणि सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० आली असती. तेव्हा महिन्यातून एका रविवारी राशिभविष्याचा स्तंभ गाळून ती जागा कथेला द्यायला हरकत नसावी. सिंहवाल्यांची समजूत मी काढतो, माझी रास तीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर