फॅन गेला नाही, स्क्रू काढून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की कॉम्प्युटरचे नाहीतर सीसीटीव्हीच्या डब्याचे छोटे फॅन घुमायला लागतात आणि लोक "फॅन गेला" म्हणून सरळ नवा आणतात, त्यावर जरा लिहावं म्हटलो. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर (लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर) काम केलेला माणूस, आता घरीच असतो.

आमच्या मुलाच्या कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा फॅन रात्री माडीवर असा घुमायचा की खाली झोप लागायची नाही. दुकानदार म्हणाला बदला, बदललो, आणि त्याच रात्री परत तेच घूंघूं! मग मी स्क्रू काढून चालू फॅन चौकटीला धरून हातात घेतलो (बोटं पात्यापासून लांब ठेवायची बरं का) तर एकदम गप्प. म्हणजे ओरडत होता तो फॅन नव्हे, कॅबिनेटचा पातळ पत्रा! मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० धक्के, आणि पत्रा हलगीसारखा वाजणारच की. चालू असताना पत्र्यावर तळहात दाबून बघा, आवाज बदलला तर चोर तिथंच आहे.

जुना फॅन बघितलो तर पात्यांवर सुताच्या धुळीचा थर, आमच्या वडगावात शेजारी माग आहेत, त्यामुळं हे आलंच. धूळ सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही, एक बाजू जड होते. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलेला जॉब (कातायचा तुकडा) एका बाजूला जड असला की अख्खं मशीन थरथरतं तसंच, आणि फेरे दुप्पट केले की धक्का चौपट. बंद करून ब्रशनं साफ केलो, ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवलो, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

पत्र्यासाठी आधी सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून घातलो, पण फरक थोडाच पडला, कारण लोखंडी स्क्रू दोन्हीकडं टेकलेला, थरथर त्यातनंच जाते. स्क्रूच्या जागी फॅन पत्र्याला अडकवायच्या रबरी पिना घातल्यावर काम झालं. चार पिना, बस. त्या मिळवायला मात्र बेळगावात दुकानं फिरून दमलो आणि शेवटी ऑनलाइन मागवलो. शेजाऱ्यानं तर कॅबिनेटखाली उशीच घातली, खालची जाळी बंद झाली, आतलं तापलं, फॅन आणखी जोरात पळायला लागला आणि आवाज डबल!

हातात धरूनही खरखर येत असेल तर बेअरिंगचं तेल सुकलंय, शिलाई मशीनच्या तेलाच्या थेंबानं काही दिवस निभावतं, तेवढ्यानं नाही भागलं तर मात्र बदलाच.

आपल्या पेपरातनं दुकानदारांना एवढं सांगा की फॅनच्या शेजारी रबरी पिनांची एक बरणी ठेवा, आणि गिऱ्हाईकाला नवा फॅन देण्याआधी जुना एकदा हातात धरून चालवून दाखवा.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव