काकू, तो स्टिकर अजून माझ्याकडे आहे

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे ऑस्टिनला गेलात त्याला आता आठ महिने होतील. फोनवर आपण बोलतो, पण फोनवर तुम्ही मला आभार मानू देत नाही. "पुरे गं, बाग कशी आहे ते सांग," म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इथे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना अजून ठाऊक नाही की रेमिंग्टन ड्राइव्हवर, कम्युनिटी सेंटरला लागून, दहा एकरांची जर्दाळूची बाग उभी आहे. उरलेली नाही, ठेवलेली आहे. हा फरक तुम्हीच मला शिकवलात.

मलाही चार वर्षं माहीत नव्हतं. झाडं दिसायची, नाही असं नाही. चिन्मयला चित्रकलेच्या क्लासला सोडायचं, गाडीत बसून ऑफिसचे मेल बघायचे, आणि समोर कुंपणापलीकडे बुटकी, काळपट खोडांची झाडं रांगेत. हिवाळ्यात तर नुसत्या काटक्या. मी मनात म्हणायचे, इतकी मोकळी जागा या शहरात कशी काय राहून गेली?

मग मार्च महिन्यात, एका शनिवारी सकाळी, त्या परिसराच्या पुढच्या आराखड्यासाठी लोकांची मतं घ्यायला बैठक होती. टेबलांवर मोठे नकाशे पसरलेले. प्रत्येकाच्या हातात गोल रंगीत स्टिकर. हिरवा म्हणजे 'आहे तसं ठेवा', केशरी म्हणजे 'इथे काहीतरी नवं करा'. आमचा आईबाबांचा गट ठरवूनच आला होता: मुलांना क्रिकेटला जागा नाही, पार्किंग पुरत नाही, तेव्हा बागेचा एक तुकडा मागायचा. नकाशावर बाग म्हणजे एक सपाट हिरवा चौकोन होता. एकही झाड काढलेलं नव्हतं. मी केशरी स्टिकर बोटावर घेतला, आणि शेजारून कोणीतरी मराठीत विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

पांढरं कॉटनचं जाकीट, पायात मातीने भरलेले बूट. मी म्हटलं, "तासगाव. सांगली जिल्हा."

"मग बेदाण्याचं शेड बघितलं असेल."

काकू, त्या क्षणी मला काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. अमेरिकेत आल्यापासून तासगाव म्हटल्यावर कोणी 'बेदाणा' म्हणालं नव्हतं. लोक फार तर "सांगली म्हणजे हळद ना?" म्हणतात. आमच्या आण्णांची दोन एकर द्राक्षं होती, तास-ए-गणेश जातीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडमध्ये जाळीच्या रॅकवर थरांवर थर माल पडायचा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. आणि रात्री गंधकाची धुरी द्यायची, तिचा वास घशाला झोंबायचा, आई आम्हाला घरात कोंडून ठेवायची. हे सगळं तुमच्या एका वाक्याने समोर आलं. तुम्ही म्हणालात, "स्टिकर नंतर लावा. आधी दहा मिनिटं बाहेर चला."

बाहेर बाग फुललेली होती. पांढरी, देठाशी गुलाबीसर फुलं, पान एकही नाही. मधल्या पट्ट्यात पिवळी मोहरी गुडघाभर. तुम्ही खाली बसलात, ढेकूळ उचललंत आणि माझ्या तळहातावर फोडलंत. काळीभोर माती, आत गांडुळाची वाट. "ही माती बघ, आणि हा पार्किंगचा डांबर बघ. इथून चार पावलांवर हीच माती खाली आहे, पण आता ती परत मिळायची नाही." पहिल्या भेटीत तुम्ही मला 'तुम्ही' म्हणत होता, बागेत शिरल्यावर 'तू' केव्हा झालं, आपल्या दोघींनाही कळलं नाही.

मग तुम्ही मला या गावाची गोष्ट सांगितलीत. मी इथे नोकरी करते, घराचा कर भरते, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं, याची आजही खंत वाटते. इथे आधी ओलोनी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, होते. मग स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन, मग मेंढरांची कुरणं. १८४४ साली मार्टिन मर्फी नावाचा आयरिश माणूस बायकापोरांसह त्या तांड्यातून आला, ज्याने पहिल्यांदा बैलगाड्यांची चाकं सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पलीकडून इकडे आणली. त्याने इथे जमीन घेतली आणि तयार लाकडी भाग जहाजात घालून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून, घर आणवलं. त्या घरी १८८१ साली त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हजारो माणसं जेवली. एवढं ते घर १९६१ साली पाडलं गेलं. आज बागेच्या कडेला जे हेरिटेज म्युझियम आहे, ज्याला मी खरंच जुनं घर समजत होते, ती त्या घराची प्रतिकृती. २००८ साली उघडलेली. सत्तेचाळीस वर्षं एका गावाला आपलं पाडलेलं घर आठवत राहिलं!

मर्फींनंतर कुरणं वाटली गेली आणि फळबागा आल्या. चेरी, प्रून, जर्दाळू. साऱ्या सांता क्लारा खोऱ्याला तेव्हा 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' म्हणत, सिलिकॉन व्हॅली हे नाव फार नंतरचं. १९५० साली सनीव्हेलची वस्ती जेमतेम दहा हजार. १९५६ साली लॉकहीड ही विमानं-क्षेपणास्त्रांची कंपनी आली. १९६० साली वस्ती पन्नास हजारांच्या वर. दहा वर्षांत पाचपट. बागा कशा गेल्या, ते या दोन आकड्यांत आहे. मी रोज ऑफिसला जाताना फळांच्या डब्यासारखी रंगवलेली ती उंच टाकी बघायचे आणि कुठली तरी जाहिरात समजायचे. ती लिबीच्या कॅनरीची, म्हणजे फळं डबाबंद करायच्या कारखान्याची, पाण्याची टाकी. कॅनरी गेली, टाकी राहिली. तुम्ही सांगेपर्यंत मला ती टाकी आणि ही बाग एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे सुचलंही नसतं.

तुम्ही स्वतः १९७४ साली आलात. तुमच्या अपार्टमेंटच्या मागे तेव्हा जर्दाळूच होते, आणि शेजारच्या पोर्तुगीज आजीने तुम्हाला फळ कापायला शिकवलं, भाषा येत नसताना. तीन वर्षांत ती झाडं गेली. "मी खिडकीतून मशीन बघत उभी होते," एवढंच तुम्ही म्हणालात. पुढे काही बोलला नाहीत.

आता जुलैबद्दल लिहू दे, कारण माझं मत बैठकीत डळमळलं, पण बदललं ते जुलैत, तुमच्या परसात.

ब्लेनहाईम जातीचा, इथला जुना जर्दाळू मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. दुकानात मिळणारा तो कडक, लालसर, दिसायला देखणा, चवीला पाणी. हा लहान, पिवळा, देठाकडे हिरवटच. मला वाटलं कच्चा आहे. तुम्ही म्हणालात, "हा आतून बाहेर पिकतो. खांदा हिरवा दिसला तरी आत मध झालेला असतो. बाहेरून पिवळाधम्मक होईपर्यंत थांबलीस तर हातात चिखल." म्हणूनच तो ट्रकमधून लांब जात नाही, म्हणूनच बाजारातून गेला. आणि सुक्या मालाला तुर्कस्तानचा स्वस्त जर्दाळू येऊन भिडला. आण्णा बेदाण्याच्या सौद्यावरून आल्यावर ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज मला यात ऐकू आला.

पाच पेट्या होत्या. तुम्ही आखूड, वाकड्या पात्याची सुरी दिलीत. शिवणीवरून गोल फिरवायची, दोन वाट्या सुट्या करायच्या, बी बादलीत, वाट्या पालथ्या नाही, उताण्या, एकमेकींना चिकटून ट्रेवर. पालथी ठेवली तर रस गळून जातो. मी पहिली रांग लावली आणि माझे हात थांबले, कारण हे माझ्या हातांना येत होतं. रॅकवर घड पसरताना आई म्हणायची, "हवा जाऊ दे त्यांच्यात," तसंच तुम्ही म्हणालात. मग ट्रे एकावर एक रचून वर मोठं पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलंत आणि खाली पत्र्याच्या डबीत गंधक पेटवलंत. फटीतून तो वास आला. काकू, मी परसाच्या कोपऱ्यात जाऊन रडले, ते तुम्ही बघितलंत आणि काही विचारलं नाहीत. पाण्याचा तांब्या तेवढा आणून ठेवलात. आण्णा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला त्यांच्या शेवटच्या दर्शनाला पोचता आलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही मला नुसतं हळवं होऊ दिलं नाहीत, हे तुमचे सगळ्यात मोठे उपकार. "आठवणींनी आराखडा होत नाही, कागद वाच," म्हणालात आणि वाचायला बसवलंत. कागदावर या जागेला 'मोकळी जागा' म्हटलंय की 'फळबाग' म्हटलंय, हे बघायला शिकवलंत. मोकळ्या जागेवर उद्या काहीही येऊ शकतं, फळबागेला झाडं लावावीच लागतात. बागेची हद्द नकाशावर पक्की रेघ आहे की तुटक? म्हातारं झाड गेलं तर त्या जागी दुसरं कोण, कधी लावणार? जर्दाळू काही आंब्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहत नाही, तेव्हा हे लिहिलं नसेल तर बाग आपोआप विरळ होते, आणि मग कोणीतरी म्हणतं, इथे तसंही काही नाही. पायवाट कडेने काढा, रांगांतून नको, कारण रोज शेकडो पाय पडले की माती दगड होते आणि मुळं गुदमरतात. छाटणी कोण करणार, तेही लिहा. पाण्याचंही तुम्ही बजावलंत: या खोऱ्यात विहिरींनी इतका उपसा झाला की सॅन होजेची जमीन काही ठिकाणी तेरा फूट खचली होती. आमच्याकडे बोअर खाली खाली चाललेत, मला ते पटवून द्यावं लागलं नाही.

आणि क्रिकेट. तुम्ही आमच्या मुलांची मागणी एकदाही खोटी ठरवली नाहीत. उलट म्हणालात, "मुलांना खेळायला जागा हवीच. पण ती बागेतून कापून मागू नका, शहराच्या बाकीच्या पार्कांची यादी घेऊन बसा, जिथे गवत आहे तिथे मागा." मग तुमच्याच स्वयंपाकघरात आमचा गट आणि म्युझियमची स्वयंसेवक मंडळी पहिल्यांदा एका टेबलावर बसली. तुम्ही थालीपीठ लावत होता आणि आम्ही नकाशावर वाकलो होतो. बाग वाचवणारे ते आणि मुलांचे आम्ही, अशी जी भिंत झाली होती ती त्या दुपारी पडली. मला अजून वाटतं की वाढत्या शहरात अशी भांडणं नकाशामुळे कमी आणि एकमेकांच्या घरी न गेल्यामुळे जास्त होतात.

कौन्सिलसमोर बोलायला तीन मिनिटं मिळतात. माझं भाषण सात मिनिटांचं होतं. तुम्ही चिन्मयचं घड्याळ लावून मला चार वेळा म्हणायला लावलंत. "काय हवं ते पहिल्या वाक्यात सांग. रडायचं असलं तर शेवटच्या दहा सेकंदांत." भाषणातून मर्फींचं घर गेलं, लॉकहीडचा परिच्छेद गेला, आण्णा मात्र तुम्ही ठेवलेत. त्या रात्री मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा हात थरथरत होते. मागे वळून बघितलं तर तुम्ही दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स, बोटांनी मिनिटं मोजत. मी म्हटलं की मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे, या शहरात पाहुणी नाही, आणि माझ्या मुलाला ही बाग हवी आहे. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

'या शहरात पाहुणी नाही' हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. ते तुम्ही पेन्सिलीने समासात लिहिलं होतं.

बागेची खबर अशी. या वर्षी फुलं वेळेवर आली, पण फुलं असताना दोन दिवस पाऊस लागला, त्यामुळे पूर्वेकडच्या रांगांना फळ कमी धरलंय. कुंपणालगतची, तुम्ही नेहमी हात लावून जायचात ती दोन्ही म्हातारी झाडं उभी आहेत. एकाचा ढोलीकडचा फाटा छाटलाय, दुसरं झुकलंय पण फुललं. म्युझियममध्ये शाळेची मुलं यायला लागली की मी महिन्यातून दोन शनिवार जाते. मराठी घरातलं मूल दिसलं की आधी विचारते, "बेदाणा कसा होतो माहितेय का?" आणि मग बाहेर नेते.

तुम्ही जाताना दिलेला रेडवूडचा ट्रे गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. त्याच्या कडेवर कुठल्याशा बागायतदाराची पुसट अक्षरं आहेत, ती मी घासली नाहीत. लाकडात रस इतका मुरलाय की गॅरेज तापलं की अजून वास येतो. आईला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, आपल्या जाळीपेक्षा हे बरं, पण उंदरांना जप.

आणि तो केशरी स्टिकर मी तेव्हा कुठेच लावला नाही. पाकिटात घालून घरी आणला, तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर जुलैच्या पहिल्या शनिवारी लावलाय. त्या दिवशी फळ कापायचंय. थालीपिठाची भाजणी आईने पाठवलीय, पेट्या मी आणते, सुऱ्यांना धार लावून घेते. लेकीला सांगा, तिकीट मी काढते. गंधक मात्र तुमच्याशिवाय पेटवायला मला अजून जमत नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
तासगावची