पायात वाढत नाहीत, डोळ्यात थांबत नाहीत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार. गेल्या मंगळवारी पहाटे पाचच्या एसटीने निघून मी एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागातून लागोपाठ तिसऱ्या महिन्यात इंजेक्शनाविना परतलो, म्हणून हे पत्र. मधुमेहाने डोळ्याचा पडदा (रेटिना) बिघडलेल्यांना डोळ्यातील इंजेक्शन दरमहा मोफत मिळेल, असे मागील वर्षीच्या शिबिरात व्यासपीठावरून सांगण्यात आले होते. पहिले मिळाले. त्यानंतर आधी ‘स्टॉक संपला’, मग ‘मागणी वर पाठवली आहे’, आणि या खेपेस नुसतीच मान हलली.

मी बारावीला तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे माझ्या डोळ्यात काय चालले आहे ते मला नको तितके कळते. वर्षानुवर्षांच्या साखरेने पडद्याच्या केशवाहिन्या बुजतात, तेथील पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि त्या व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडू लागतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, असतात. प्रथिन येऊन चिकटले की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, पेशीच्या आत निरोप पोहोचतो, पेशी विभागू लागतात आणि नव्या वाहिन्या फुटतात. गर्भात रक्तवाहिन्या घडतात त्या याच ग्राहीमुळे. तो नसलेली उंदराची पिल्ले गर्भातच मरतात, हे 1995 मध्ये सिद्ध झाले. डोळ्यात मात्र या नव्या वाहिन्या कच्च्या निघतात, पाझरतात आणि एके दिवशी फुटतात. माझ्या डाव्या डोळ्यात हे वाचता वाचता घडले : वर्तमानपत्रावर काळ्या धाग्यांचे जाळे उतरले आणि पुसूनही जाईना. उरलेल्या सुजेमुळे त्या डोळ्याला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट अजूनही मधोमध वाकलेली दिसते.

आणि याच देहात उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नाही, कारण जिथे नव्या वाहिन्या हव्यात तिथे त्या फुटत नाहीत. मंत्रिमहोदय, आपल्या खात्याचेही काहीसे असेच चालले आहे. फलक, शिबिरे, उद्घाटने यांची वाढ जोमदार; औषधाच्या कपाटापर्यंत मात्र एकही वाहिनी पोहोचत नाही. प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला काही मिनिटांत उमगते. आमचा निरोप तीन महिने झाले, कुठल्या ग्राहीला चिकटला आहे, ते कळू द्यावे.

औषध दुर्मीळ आहे, असेही नाही. या इंजेक्शनासाठी चालणारे बेव्हॅसिझुमॅब 2004 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. ते व्हीईजीएफला वाटेतच पकडते, ग्राहीपर्यंत जाऊच देत नाही. 2013 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते डोळ्यांसाठी आहे. डोळ्याला लागते सव्वा मिलिग्रॅम आणि कुपीत असते शंभर, म्हणजे कागदी हिशेबाने एका कुपीत ऐंशी डोळे. वाया जाणारे धरून निम्मे म्हणा. अर्थात कुपी निर्जंतुक पद्धतीने वाटून भरावी लागते. 2016 च्या जानेवारीत गुजरातेत काही रुग्णांची दृष्टी गेल्यावर औषध नियंत्रकांनी डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांच्या आग्रहानंतर तो दोनेक महिन्यांत मागे घेतला. दोष औषधापेक्षा हाताळणीत शोधायचा असतो, आणि हाताळणी सुधारणे तर सरकारच्याच हातात आहे.

तोवर मी खाजगीत एकदा 18,000 रुपये मोजले. पापण्या चिमट्याने ताणलेल्या, डोळ्यात आयोडीनची आग आणि सुई कडेने येताना दिसते; तेही सोसले. परत येताना एसटीत तिकीट चाचपडत धरले, तेव्हा कंडक्टर, जो माझाच विद्यार्थी, म्हणाला, “सर, राहू द्या, मी बघतो.” त्या वाक्याने सुईपेक्षा जास्त दुखले.

देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 च्या पाहणीत आले. आठांमागे एकाचा पडदा बिघडलेला धरला तरी सव्वा कोटी होतात. माझा भागाकार चुकला असेल तर आपल्या सचिवांनी दुरुस्त करावा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे, पण गावोगावच्या फलकांवर मी आकडे वाचतो ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे. मोतीबिंदू एकदा काढला की संपला, पट्टी बांधलेल्या रांगेचा फोटो निघतो. पडद्याच्या रोग्याला मात्र महिन्यामागून महिने बोलवावे लागते, आणि ज्याचा फोटो निघत नाही ते आपल्या राज्यकारभारात, मग सरकार कोणाचेही असो, काम मानलेच जात नाही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस या इंजेक्शनासाठी ठरवावा, औषध निर्जंतुक भरण्याची सोय करावी आणि साठ्याची स्थिती रुग्णांना आधी कळवावी, एवढीच विनंती आहे.

हे पत्र मी तोंडी सांगितले आणि नातीने टंकले. परवाच्या तपासणीत उजव्या डोळ्यातही पाझर निघाला आहे. पुढच्या तारखेला औषध असेल की नाही, हे आदल्या संध्याकाळी कोणी फोनवर सांगितले, तर पहाटेची एसटी धरायची की नाही, ते मला ठरवता येईल.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक