ब्लेंडेड माल्टला भेसळ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिस्कीवरचा लेख वाचला, बाकी सगळं ठीक, पण त्यात एक वाक्य होतं की सिंगल माल्ट म्हणजे अस्सल आणि ब्लेंडेड म्हणजे मिसळलेली हलकी. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पंचवीसेक वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये काढली, आता वेंगुर्ल्याला घरी असतो, संध्याकाळी एक पेग घेतो, त्याच्यावर नाही. या एका पेगसाठी मी गेली कित्येक वर्षं ब्लेंडेड माल्टच घेतोय आणि त्याला कोणी भेसळ म्हटलं तर वाईट वाटतं.

मुळात घोळ शब्दांचा आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, म्हणजे दारू गाळायच्या एकाच कारखान्याची माल्ट व्हिस्की, एकाच पिंपातली नव्हे, त्या एका डिस्टिलरीतही वेगवेगळी पिंपं एकत्र करूनच बाटली भरतात. ब्लेंडेड माल्ट म्हणजे दोन किंवा जास्त डिस्टिलऱ्यांच्या माल्ट एकत्र केलेल्या, पण सगळ्या माल्टच, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या, तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या आणि ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं ठेवलेल्या. आणि नुसती ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, असते तिच्यात माल्टबरोबर ग्रेन व्हिस्की असते, गहू किंवा मक्याची, उंच कॉलममध्ये गाळलेली, हलकी आणि स्वस्त पडणारी. तीही वाईट नसते, जगात स्कॉच म्हणून जी खपते त्यातली बहुतेक तीच. पण ब्लेंडेड माल्टमध्ये ग्रेनचा थेंबही नसतो, हे आपल्याकडे दुकानदारालाही माहीत नसतं. मी बाटली मागितली की काउंटरवरचा पोरगा प्रेमाने सांगतो, "ओ काका, ती ब्लेंडेड आसा, सिंगल घेवा." त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नाहीय.

नाव बदललं तिथे घोटाळा झाला असं माझं मत. पूर्वी हिला व्हॅटेड माल्ट म्हणत, कोणी प्युअर माल्ट लिहीत. 2003 साली डियाजिओ या दारू कंपनीने कार्डू नावाच्या सिंगल माल्टची बाटली तशीच ठेवून आत इतर डिस्टिलऱ्यांच्या माल्ट घातल्या आणि वर प्युअर माल्ट लिहिलं, त्यावर स्कॉटलंडमध्ये एवढा गदारोळ झाला की त्यांना ते मागे घ्यावं लागलं. मग 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांत स्कॉचचे पाच प्रकार ठरले, त्यात या प्रकाराचं नाव ब्लेंडेड माल्ट झालं, प्युअर आणि व्हॅटेड हे शब्द गेले. फसवणूक थांबली हे चांगलंच झालं, पण ब्लेंडेड आणि ब्लेंडेड माल्ट ही दोन नावं इतकी सारखी झाली की गिऱ्हाईक पहिला शब्द वाचतं आणि बाटली खाली ठेवतं.

आता चवीचं सांगतो. मंकी शोल्डर 2005 पासून बाजारात आहे, विल्यम ग्रँट कंपनीची, स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागातल्या माल्टची. पूर्वी मोड आणायला जमिनीवर पसरलेली बार्ली कामगार फावड्याने उलटत राहायचे, त्याने खांदा लोंबायचा, त्याला कामगार मंकी शोल्डर म्हणायचे, त्यावरून हे नाव आलं. आमच्याकडे रापण ओढणाऱ्यांचे खांदे जवळून बघितलेत म्हणून मला ते नाव लगेच कळलं. गोडसर, व्हॅनिलासारखी, मऊ आहे. मे महिन्यात सोडा आणि बर्फ घालून घेतली तरी चव मरत नाही. सोबत तळलेल्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची वाटी असली की झालं. जॉनी वॉकर ग्रीन लेबल महाग आहे खरी, पण ती पण ब्लेंडेड माल्टच, 15 वर्षांची, 43 टक्के अल्कोहोलची, स्काय बेटावरची टॅलिस्कर आणि आयला बेटावरची कोल ईला या माल्ट तिच्यात आहेत, त्यामुळे चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या सुक्या मासळीला लागतो तसा थोडा धूर येतो. तिच्यात फक्त चमचाभर पाणी घालावं, मग वास खुलतो. माझ्यासारख्याने ती सणासुदीला घ्यावी.

पैशाचं बोलायचं तर, 750 मिलीच्या बाटलीत 60 मिलीचे साडेबारा पेग होतात. माझं एवढंच म्हणणं की घरच्या पेगसाठी सिंगल शब्दाचे जास्त पैसे कशाला मोजायचे, आमच्या दुकानात मंकी शोल्डर बारा वर्षांच्या नावाजलेल्या सिंगल माल्टपेक्षा बरीच कमी पडते आणि पिताना मला त्यात काही कमी वाटत नाही. स्कॉचवर 2025 साली 150 टक्के कस्टम ड्युटी होती, 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी व्यापार करार झाला त्यात ती आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय, पण राज्याचा कर वेगळा असतो, त्यामुळे भाव लगेच निम्मा होईल या आशेवर कोणी राहू नये.

आणि गोव्याहून स्वस्तात आणण्याचा मोह कोणी करू नका, आमच्या बाजूला हा विषय रोजचा, बांद्याजवळ इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात, गुन्हा दाखल होतो. मीही एकदा एका ओळखीच्याकडून स्कॉच म्हणून बाटली घेतली होती. झाकणाखालची प्लास्टिकची टोपी बोटाने सहज फिरली, आतून नुसता स्पिरिटचा वास, पहिल्या घोटालाच घसा भाजला, सगळी मोरीत ओतली. तेव्हापासून रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबल खरवडून काढतो आणि टोपी तोडतो, नाहीतर तीच बाटली परत भरून कोणाच्या तरी घरी जाते. आणि पावसाळ्यात बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की बुचाला दारू लागत राहते आणि बूच सडतं, इथल्या दमट हवेत तर लेबलालाही बुरशी येते.

पंचविशीच्या आतल्या पोरांना हे सांगायचं नाहीय, आपल्या राज्यात त्यांना कायद्याने व्हिस्की मिळतही नाही. पण जो माणूस परवाना काढून, एक पेग घेऊन जेवायला बसतो त्याला बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता यायला हवं.

म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापा, ब्लेंडेड आणि ब्लेंडेड माल्ट यातला फरक लिहा. जागा कमी असेल तर माझं हे पत्र कापा, पण ती दोन ओळींची दुरुस्ती तेवढी छापाच.

आपला,
एक निवृत्त खलाशी, वेंगुर्ला