पाठ फिरवायला वस्तू समोर तर हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॉवर-पॉप या संगीतप्रकाराविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. एरवी ज्याच्या वाट्याला मराठीत चार ओळीही येत नाहीत, त्या विषयाला आपण पानभर जागा दिलीत, याबद्दल आभार मानायला हवेत. मात्र त्या लेखात गेम थिअरी हा अमेरिकन बँड आणि त्याचे गीतकार स्कॉट मिलर यांची बोळवण दोनच वाक्यांत झाली आहे. त्यातही या बँडकडे श्रोत्यांनी पाठ फिरवली, असा निर्वाळा देऊन लेखक पुढे निघून गेले आहेत. पाठ फिरवायची तर वस्तू आधी समोर असावी लागते. या बँडच्या बाबतीत नेमके तेच घडले नाही आणि त्याचे कारण चालींत किंवा शब्दांत शोधण्यापेक्षा कंपन्यांच्या करारांत शोधणे अधिक योग्य ठरेल, असे मला वाटते.

पॉवर-पॉप हा शब्द १९६७ मध्ये 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंड यांनी वापरला, हे लेखात बरोबर आले आहे. गुणगुणता येईल अशी चाल, खणखणीत गिटार आणि एकात एक गुंफलेले आवाज ही या प्रकाराची ओळखही त्यात नेमकी सांगितली आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते. या प्रकारातल्या चांगल्या बँडना अपयशी ठरवण्याची जुनीच सवय समीक्षकांना आहे आणि ती मेम्फिसच्या बिग स्टार या बँडपासून लागली आहे. त्यांचा १९७२ चा पहिला अल्बम जाणकारांनी डोक्यावर घेतला होता. परंतु वितरणाच्या घोळामुळे तो पुरेशा दुकानांत पोहोचलाच नाही. ज्यांनी नाव ऐकले त्यांना तबकडी मिळेना, आणि पुढे न खपलेला अल्बम म्हणून त्याची नोंद झाली. मिलर हे बिग स्टारचे निस्सीम चाहते होते. १९८५ च्या 'रिअल नाइटटाइम' या अल्बममध्ये त्यांनी बिग स्टारच्या अ‍ॅलेक्स चिल्टन यांचे एक गाणेही घेतले. आपल्याही वाट्याला तीच गत येणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मिलर यांचा जन्म १९६० साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे झाला. डेव्हिस येथील विद्यापीठात शिकत असताना ते अल्टरनेट लर्निंग हा बँड चालवत होते. तो मोडल्यावर १९८२ मध्ये त्यांनी गेम थिअरीची स्थापना केली. गणिताच्या एका शाखेचे नाव बँडला देणारा हा माणूस पुढे पोटापाण्यासाठी संगणक अभियंता झाला, यात नवल नाही. १९८२ मध्येच आलेल्या 'ब्लेझ ऑफ ग्लोरी' या पहिल्या अल्बमची कथा रसिकांमध्ये अनेकदा सांगितली जाते. तबकड्या तयार झाल्या. परंतु पुठ्ठ्याची वेष्टने छापायला पैसे उरले नाहीत. तेव्हा बँडने कचऱ्यासाठी वापरतात तशा पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि झेरॉक्स केलेले मुखपृष्ठ जोडून त्यांतच तबकड्या विकल्या. ही गंमत म्हणून सांगितली जाते, आणि ती गंमत आहेच. पण स्वतःच्या खर्चाने संगीत काढणे म्हणजे काय, हेही त्या पिशवीवरून कळते.

पुढची चार-पाच वर्षे हा बँडच्या बहराचा काळ होता. एनिग्मा या कॅलिफोर्नियातील कंपनीशी करार झाला. उत्तर कॅरोलिनातील मिच ईस्टर निर्माते म्हणून लाभले. आर.ई.एम. या बँडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांमागे असलेले हेच ते ईस्टर. १९८६ चा 'द बिग शॉट क्रॉनिकल्स' त्यांच्याच ड्राइव्ह-इन स्टुडिओत तयार झाला. तो कानाला पहिल्याच फेरीत आवडतो आणि तिसऱ्या फेरीत त्याच्या खोड्या लक्षात येऊ लागतात. चाल सरळ चालली आहे असे वाटत असताना खालचा स्वरमेळ भलतीकडे वळलेला असतो. प्रेमगीत म्हणून ऐकलेली ओळ नीट वाचली की दुहेरी अर्थाची निघते. मिलर यांचा आवाज उंच आणि किंचित चिरका होता. तो सर्वांना रुचणारा नव्हता, आणि श्रेयनामावलीत स्वतःच्या गाण्याची थट्टा करण्यात ते स्वतःच आघाडीवर असत.

'लोलिता नेशन' या १९८७ च्या जोडअल्बमचा आपल्या लेखात नामोल्लेखही नाही, याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले. त्यात एकूण सत्तावीस तुकडे आहेत. काही पूर्ण लांबीची, रेडिओवर सहज शोभावीत अशी गाणी आहेत, तर काही तुकडे काही सेकंदांत संपतात. मध्येच बँडच्या जुन्या गाण्यांचे कापलेले अवशेष ऐकू येतात, कुणी बोलते, टेप अडखळते, आणि लगेच एखादी इतकी गोड चाल सुरू होते की आधीच्या गोंधळाचा राग राहत नाही. एका तुकड्याचे शीर्षक तर वाक्यांश आणि संगणकाच्या भाषेतील शब्द एकापुढे एक जोडून इतके लांबवले आहे की ते छापताना जागा पुरू नये. हे सर्व चमत्कृतीसाठी केले आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि मलाही दोन-तीन ठिकाणी तो पटतो. तरीही मला हे पॉवर-पॉपमधील सर्वांत धाडसी काम वाटते. गाण्याची चौकट मोडूनही चाल हातची न सोडणे अवघड असते आणि येथे ते साधले आहे. या अल्बममध्ये गिटारवादक डोनेट थेयर यांच्यासह इतर सदस्यांच्या रचनाही आहेत. त्यामुळे गेम थिअरी म्हणजे एकट्या मिलर यांचा कारभार, हे लेखातील गृहीतकही पुरते खरे नाही. माणसे मात्र सतत बदलत राहिली, हे मान्य करावे लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९८८ मध्ये 'टू स्टेप्स फ्रॉम द मिडल एजेस' आला आणि त्यानंतर थोड्याच काळात एनिग्माचा कारभार गुंडाळला गेला. कंपनी बुडाली की तिच्याकडचे ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो आणि तोवर नव्या प्रती निघत नाहीत. १९९३ मध्ये एलियस या छोट्या कंपनीने काही जुने अल्बम पुन्हा काढले खरे. पण 'लोलिता नेशन' त्यांत नव्हता. ऑम्निव्होर या कंपनीने २०१४ पासून बँडचे अल्बम क्रमाने पुन्हा काढायला घेतले, त्यात तो थेट २०१६ साली बाजारात परत आला. म्हणजे जवळपास पाव शतक हा अल्बम जुन्या तबकड्यांच्या बाजारातच आढळे आणि तेथे त्याच्या वापरलेल्या प्रती मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकल्या जात. ज्या वस्तूसाठी लोक इतके पैसे मोजत होते, तिच्याकडे श्रोत्यांनी पाठ फिरवली, हे म्हणणे कसे टिकेल? मी स्वतः हा अल्बम २०१६ च्या आवृत्तीतूनच प्रथम ऐकला. त्याआधी अनेक वर्षे केवळ त्याच्याविषयी वाचत होतो.

मिलर यांची कारकीर्द येथे संपली नाही, हेही लेखात सुटले आहे. १९९१ मध्ये त्यांनी द लाउड फॅमिली हा बँड उभा केला. अमेरिकन दूरदर्शनवर १९७३ साली गाजलेल्या एका मालिकेतील लाउड आडनावाच्या खऱ्याखुऱ्या कुटुंबावरून हे नाव घेतले होते आणि त्यातील श्लेष त्यांना अर्थातच हवा होता. १९९३ पासून २००० पर्यंत या बँडचे पाच अल्बम आले. १९९६ चा 'इंटरबेब कन्सर्न' त्यांत मला सर्वांत वरचा वाटतो. नंतर त्यांनी संसार आणि नोकरीला अधिक वेळ दिला. २००६ मध्ये गायक-गीतकार अँटन बार्बो यांच्यासोबत एक अल्बम केला, आणि २०१० मध्ये १९५७ पासूनच्या पॉप गाण्यांचा वर्षवार धांडोळा घेणारे पुस्तक लिहिले. दुसऱ्याच्या गाण्यात काय जमले आहे, हे इतक्या आनंदाने आणि असूयेविना सांगणारा गीतकार विरळाच. या पुस्तकाचा लेखक कडवट, उपेक्षित कलावंत होता, अशी जी प्रतिमा लेखातून उभी राहते, ती त्यातील दहा पाने वाचली तरी टिकत नाही.

१५ एप्रिल २०१३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मिलर यांचे अनपेक्षित निधन झाले. त्यावेळी ते गेम थिअरीच्या नावाने पुन्हा एक अल्बम करण्याच्या तयारीत होते. काही रचना ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, तर काहींची केवळ टिपणे होती. त्यांच्या पत्नीने आणि द पोझीज या बँडचे केन स्ट्रिंगफेलो यांनी ते काम हाती घेतले, खर्चासाठी श्रोत्यांकडून आगाऊ वर्गणी गोळा झाली, आणि एमी मान यांच्यासह अनेक नामवंत गायक-वादकांनी अर्धवट राहिलेली गाणी पुरी केली.

पुरवणीतील लेखासोबत दिलेल्या कालपटात गेम थिअरीचा अखेरचा अल्बम १९८८ चा असल्याचे छापले आहे. वरील अल्बम 'सुपरकॅलिफ्रॅजाइल' या नावाने २०१७ साली प्रसिद्ध झाला असल्याने ती नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक